सांधा कोणाच्या मालकीचा?

वस्तू ग्राहकाला उघडता यावी की नको, या प्रश्नावर आपल्याकडे गेली काही वर्षे जो वाद चालला आहे, त्यात दोन्ही पक्ष तुकडे मोजत बसले आहेत. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये ‘दुरुस्तीच्या हक्का’साठी समिती नेमली, शेतीची अवजारे, मोबाइल व इलेक्ट्रॉनिक वस्तू, घरगुती टिकाऊ वस्तू आणि वाहने अशी चार क्षेत्रे ठरवली आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, त्यासाठीचे पोर्टलही सुरू केले. तेव्हापासून एका बाजूने सांगितले जाते की पूर्वीचा रेडिओ, पूर्वीची स्कूटर, पूर्वीचा मिक्सर चार स्क्रू काढले की समोर उलगडायचा आणि आजच्या कंपन्यांनी लोभापायी सगळे चिकटवून टाकले. दुसऱ्या बाजूने उत्तर येते की चिकटवले म्हणूनच फोन पाण्यात पडूनही जगतो, आणि सुट्या भागांचा हट्ट हे निव्वळ स्मरणरंजन आहे. वस्तू किती तुकड्यांची असावी, हा दोघांचाही प्रश्न आहे आणि माझ्या मते तो प्रश्नच चुकला आहे. वस्तूचे किती भाग पाडले यावरून ग्राहकाचे, शेतकऱ्याचे किंवा देशाचे फारसे काही ठरत नाही. ठरते ते दोन भागांमधल्या सांध्यावरून: त्याची मापे कोणाला ठाऊक आहेत, ती बदलण्याचा अधिकार कोणाकडे आहे, आणि तिसऱ्याच कोणी बनवलेला भाग तिथे बसला तर तो चालू द्यायचा की नाही हे कोण ठरवते. कायद्याने भागांच्या पोटात शिरू नये. सांधे मात्र मोजके निवडावेत आणि ते सार्वजनिक करावेत, अशी माझी भूमिका आहे.

विहिरीवरच्या पंपाचे बेअरिंग वाजू लागले की गावातला मोटार वाइंडिंगवाला ते पुलरने ओढून काढतो, चिंधीने पुसतो आणि त्याच्या कडेवर कोरलेला आकडा वाचतो. समजा तो ६२०४ आहे. याचा अर्थ आतले छिद्र २० मिलिमीटर, बाहेरचा व्यास ४७ आणि जाडी १४. शेवटचे दोन आकडे पाचाने गुणले की छिद्राचे माप मिळते, हे त्याला कोणत्याही शाळेने शिकवलेले नसते. हा आकडा घेऊन तो तालुक्याच्या बाजारात गेला की चार कंपन्यांची, चार किमतींची बेअरिंगे त्याच्यापुढे येतात आणि चारही त्या पंपात बसतात. गेल्या पावसाळ्यात आमच्या घरच्या कपडे धुण्याच्या यंत्रातून तसाच आवाज येऊ लागला. कंपनीच्या माणसाने सांगितले की बेअरिंग गेले आहे, पण ते वेगळे मिळत नाही. ज्या प्लास्टिकच्या टबात ते बसवले आहे त्याचे दोन अर्धे कारखान्यातच वितळवून कायमचे जोडलेले असतात, त्यामुळे टब, ड्रम आणि बेअरिंग असा सगळा संच घ्यावा लागेल. संचाची किंमत नव्या यंत्राच्या निम्म्याच्या घरात जात होती. आत बेअरिंग कोणते आहे, असे मी सहज विचारले. एक ६२०४ आणि एक ६२०५, तो म्हणाला. म्हणजे भाग तोच होता, पंपातला, बाजारात सर्वत्र मिळणारा. त्याच्यापर्यंत पोहोचण्याची वाट तेवढी बंद केलेली होती.

या उदाहरणात ‘सगळे उघडे असावे’ म्हणणाऱ्यांनाही एक अडचणीची गोष्ट आहे. बेअरिंग स्वतः उघडत नाही. त्यातली एक गोळी झिजली म्हणून कोणी गोळी बदलत नाही. पोलाद कोणते, त्याला पाणी कसे दिले, वंगण कोणते भरले, हे ज्या त्या कंपनीचे गुपित असते, आणि त्याबद्दल आजवर एकाही शेतकऱ्याने तक्रार केल्याचे माझ्या ऐकिवात नाही. बंद असणे हा मुळात दोष नाही. बाहेरची तीन मापे सर्वांना ठाऊक आहेत आणि त्यात कोणालाही मनमानी करता येत नाही, एवढ्या जोरावर ही बंद वस्तू आपल्या सबंध यांत्रिक जगाची विश्वासू चाकर झाली आहे. उलट बैलगाडीचे जुने लाकडी चाक पाहा. तुंबा, आरे, पाटे आणि वरून चढवलेली लोखंडी धाव, असे त्याचे सगळे भाग सुटे होते आणि डोळ्यांना दिसत होते. पण एका गाडीचा आरा दुसऱ्या गाडीच्या तुंब्यात बसेल याची खात्री कोणी द्यावी? प्रत्येक आरा सुताराने त्या एका खाचेसाठी तासलेला असे. सुटा भाग आणि अदलाबदल करता येणारा भाग या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि आपल्या वादात त्यांची सर्रास गल्लत होते.

या दोहोंमधले अंतर कापायला युरोप-अमेरिकेला बराच काळ लागला. १७८५ मध्ये पॅरिसमध्ये ओनोरे ब्लां या बंदूककाराने अमेरिकेचे तिथले राजदूत टॉमस जेफरसन यांच्यापुढे बंदुकीच्या पन्नास कळांचे (बार उडवणाऱ्या यंत्रणांचे) भाग वेगवेगळ्या कप्प्यांत मांडून ठेवले. जेफरसन यांनी हाताला येतील ते तुकडे उचलून स्वतः काही कळा जुळवल्या, त्या चपखल बसल्या, आणि त्यांनी हे कौतुकाने मायदेशी कळवले. पण ब्लां यांच्या पद्धतीला फ्रान्समध्ये पुढे टिकाऊ आधार मिळाला नाही. अमेरिकेत एली व्हिटनी यांनी १७९८ मध्ये दहा हजार बंदुकांचे कंत्राट घेतले आणि १८०१ मध्ये राज्यकर्त्यांपुढे असेच प्रात्यक्षिक करून दाखवले. त्यांच्या शिल्लक राहिलेल्या बंदुका नंतरच्या संशोधकांनी तपासल्या तेव्हा त्यांचे भाग एकमेकांत नीट बसत नसल्याचे आढळले. खरी अदलाबदल साधली ती १८२० च्या दशकात हार्पर्स फेरीच्या सरकारी शस्त्रागारात, जॉन हॉल यांच्या हातून, असंख्य मापकपट्ट्या बाळगून आणि भरपूर पैसा ओतून. या हकिगतीतली लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट अशी की अदलाबदलीची बंदूक बराच काळ हाताने घडवलेल्या बंदुकीपेक्षा महाग पडत होती. खाजगी गिऱ्हाइकाने ती मागितलीच नसती. सरकारने मागितली, कारण रणांगणावर दोन मोडक्या बंदुकांतून एक चालू बंदूक करायची गरज बनवणाऱ्याची नव्हती, वापरणाऱ्याची होती. ‘लोकांना हवे असते तर बाजाराने दिले असते’ हा युक्तिवाद आज जे करतात, त्यांनी या जुन्या हिशेबाकडे एकदा पाहावे. विकताना दिसते ती किंमत आणि वापरताना भरावी लागते ती किंमत या वेगळ्या वेळी समोर येतात, आणि दुकानात उभ्या असलेल्या माणसाला दुसरी दिसत नाही.

सांधा सार्वजनिक होतो म्हणजे काय होते, हे इंग्लंडमध्ये जोसेफ व्हिटवर्थ यांनी दाखवले. त्यांच्या आधी प्रत्येक कारखान्याचे आटे निराळे होते. एका कारखान्याचा नट दुसऱ्याच्या बोल्टवर चढत नसे. व्हिटवर्थ यांनी ठिकठिकाणच्या कारखान्यांतून बोल्ट गोळा केले, त्यांच्या आट्यांची सरासरी काढली आणि १८४१ मध्ये ५५ अंशांच्या कोनाचे एक माप सुचवले. हा त्यांचा नम्रपणा मला फार मोलाचा वाटतो: सर्वोत्तम आटा कोणता हे त्यांनी शोधले नाही, लोक जे करत होते त्याच्या मधोमध रेघ ओढली. अमेरिकेत १८६४ मध्ये विल्यम सेलर्स यांनी ६० अंशांचा आटा पुढे आणला, तो साध्या कारागिराला कापायला सोपा होता म्हणून तिथे तो रुजला, आणि मग दोन महायुद्धांत दोस्त राष्ट्रांचे नटबोल्ट एकमेकांशी असहकार करत राहिले. ब्रिटन, अमेरिका आणि कॅनडा यांनी समान आटा मान्य केला तेव्हा १९४८ साल उजाडले होते, म्हणजे दुसरे महायुद्धही संपून गेले होते.

समान सांधा नसण्याची किंमत एकाच दिवसात डोळ्यांपुढे आली ती बाल्टिमोरमध्ये. ७ फेब्रुवारी १९०४ रोजी त्या शहराच्या मध्यभागी आग लागली. वॉशिंग्टन, फिलाडेल्फिया, न्यूयॉर्क येथून रेल्वेने बंब आले, माणसे आली, पण त्यांच्या होजपाइपांची तोंडे बाल्टिमोरच्या रस्त्यावरल्या नळांना बसेनात. दीड हजारांवर इमारती जळाल्या. प्रत्येक शहराचा बंब आपापल्या गावात उत्तम चालत होता. कोणत्याच यंत्रात दोष नव्हता. पुढच्याच वर्षी राष्ट्रीय मानक ठरले, आणि तरीही शंभर वर्षांनंतर अमेरिकेतल्या अनेक मोठ्या शहरांनी ते स्वीकारलेले नव्हते. मानक छापणे आणि मानक पाळणे यांत किती अंतर असते, याचा हा पुरावा आपल्याकडच्या पोर्टलभक्तांनीही जवळ ठेवायला हरकत नाही.

आता विरोधी पक्षाचे जे खरोखर वजनदार मुद्दे आहेत ते. पहिला असा की प्रत्येक सांधा ही किंमत असते. जिथे जोड आहे तिथे जास्तीचे वजन येते, जागा जाते, पाणी शिरते, संपर्क सैल होतो. भाग हवे तसे बदलता येतील असा फोन करण्याचा गूगलचा प्रोजेक्ट आरा २०१३ मध्ये गाजावाजाने जाहीर झाला आणि २०१६ मध्ये गुंडाळला गेला. ॲपलने २०२० मध्ये एम-वन ही चिप आणली तेव्हा प्रोसेसर आणि मेमरी एकाच संचात बसवली. मेमरी नंतर वाढवता येत नाही, पण वेग वाढला आणि वीज कमी लागू लागली, हे नाकारण्यात अर्थ नाही. इमारतींच्या बाबतीत हीच किंमत माणसांच्या प्राणांनी मोजावी लागली. लंडनच्या पूर्व भागातली रोनन पॉइंट ही २२ मजली इमारत कारखान्यात ओतलेल्या काँक्रीटच्या तयार भिंती एकमेकींवर रचून उभी केली होती. १६ मे १९६८ च्या पहाटे अठराव्या मजल्यावरच्या एका स्वयंपाकघरात गॅसचा स्फोट झाला, कोपऱ्यातली भिंत बाहेर फेकली गेली, आणि तिच्यावरचे मजले खालच्या मजल्यांवर कोसळत एक अख्खा कोपरा पत्त्यांच्या बंगल्यासारखा खाली आला. चार माणसे मेली. १९८६ मध्ये ती इमारत उतरवली गेली तेव्हा अनेक सांध्यांत काँक्रीट नीट भरलेलेच नव्हते, हे उघड झाले. भिंती मजबूत होत्या. भिंत आणि भिंत यांच्यातले नाते मजबूत नव्हते.

विमान उद्योगाने हा धडा अधिक महागात घेतला. बोइंगने ७८७ हे विमान मोठमोठ्या संचांत विभागून त्यांचे आराखडे आणि निर्मिती जपान, इटली आणि अमेरिकेतल्या वेगवेगळ्या कंपन्यांकडे सोपवली. हे संच सिॲटलजवळ आणून फक्त जोडायचे, अशी कल्पना होती. ८ जुलै २००७ रोजी पहिले विमान थाटात बाहेर काढले तेव्हा त्यातले अनेक खिळे तात्पुरते होते. पहिले उड्डाण डिसेंबर २००९ मध्ये झाले आणि पहिले विमान ग्राहकाला मिळाले सप्टेंबर २०११ मध्ये, ठरलेल्या वेळेपेक्षा तीन वर्षांहून अधिक उशिरा. एअरबसची तर याहून मौज. ए-३८० च्या तारांचे जुडगे हॅम्बुर्गमध्ये तयार होऊन तुलूझमध्ये विमानात बसवले जायचे. दोन्ही शहरांत आराखड्याच्या संगणक-प्रणालीच्या वेगवेगळ्या आवृत्त्या होत्या, आणि तारा आखूड पडल्या. घर एकच, पण दोन खोल्यांत दोन मापांची गजपट्टी.

हे सगळे मी मान्य करतो, आणि तरी माझा मुद्दा याने कमकुवत होत नाही, उलट नेमका होतो. रोनन पॉइंट काय किंवा बोइंग काय, दोन्हीकडे भाग पाडण्याचा उत्साह होता आणि सांध्याकडे दुर्लक्ष होते. सांधा ही उरलेली जागा नसते. तोही एक भागच असतो, बहुधा सगळ्यांत अवघड. म्हणून सांधे थोडे असावेत आणि ते विचारपूर्वक निवडावेत. निवडायचे कसे? माझ्या मते कसोटी वयाची आहे. ज्या दोन भागांची आयुष्ये फार वेगळी आहेत त्यांच्यामध्ये सांधा हवा, आणि जे भाग एकत्रच म्हातारे होतात ते खुशाल एकजीव असू द्यावेत. फोनची बॅटरी काही वर्षांत थकते, पडदा आणि चिप तिच्यापेक्षा कितीतरी अधिक जगतात; म्हणून बॅटरीचा सांधा हवा, आणि चिपच्या पोटातल्या मेमरीसाठी मी भांडणार नाही. युरोपीय संघाने बॅटरीबद्दलचा २०२३ चा कायदा केला तेव्हा जवळजवळ हीच रेघ ओढली: फेब्रुवारी २०२७ पासून लहान उपकरणांतली बॅटरी वापरणाऱ्याला काढता-घालता आली पाहिजे, काही पाण्याशी संबंधित उपकरणांना सूट आहे. फोन जाड करा, तो असा जुळवा, तसा जुळवा, असे तो कायदा सांगत नाही. धुण्याच्या यंत्राचा टब आणि बेअरिंग यांची वये किती वेगळी असतात, हे सांगायला मात्र कोणत्याही कायद्याची गरज नव्हती.

यापुढचा प्रकार जास्त गंभीर आहे आणि आपल्या वादात त्याचा उल्लेख फारच कमी होतो. भाग सुटा आहे, बसतोही, पण यंत्राच्या आतली आज्ञावली त्याचा अनुक्रमांक तपासते आणि कंपनीची संमती नसेल तर त्याला ओळख देत नाही. एका फोनमधला अस्सल पडदा काढून त्याच नमुन्याच्या दुसऱ्या फोनला लावला तरी काही सोयी बंद पडतात, असे घडत आले आहे. इथे तांत्रिक एकजीवपणाचा बचाव लागू पडत नाही; पाणी, जाडी, वजन, कशाचाच यात संबंध नाही. अमेरिकेच्या ओरेगॉन राज्याने २०२४ मध्ये कायदा करून या प्रकाराला बंदी घातली. आपल्याकडे याचीच जुनी आवृत्ती वाहनांत होती. सुटे भाग आणि दोष शोधण्याची साधने स्वतंत्र गॅरेजांना न दिल्याबद्दल भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये चौदा मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. त्या आदेशाला आव्हाने दिली गेली, पण त्याचा तर्क आजही ताजा आहे: गाडी विकत घेताना स्पर्धा होती, घेतल्यानंतर उरली नाही.

यावर कंपन्यांचे उत्तर असते की कुलूप नसेल तर चोरीचे आणि बनावट भाग खपतील. हे उत्तर हसण्यावारी नेण्यासारखे नाही. ब्रेकचे डुप्लिकेट लायनर लावून झालेले अपघात गॅरेजवाल्यांना माझ्यापेक्षा चांगले ठाऊक आहेत, आणि चोरलेल्या फोनचे सुटे भाग विकण्याचा धंदा काल्पनिक नाही. पण चोरीला गेल्याची नोंद असलेला भाग नाकारणे आणि आपण न विकलेला प्रत्येक भाग नाकारणे यांत फरक नाही का? हा भाग मूळ कंपनीचा नाही, असे पडद्यावर लिहून दाखवा, खुशाल दाखवा. मालकाला निर्णय घेऊ द्या. औषधाच्या दुकानात जेनेरिक गोळी मिळते तेव्हा आपण मूळ कंपनीला ती अडवण्याचा अधिकार देत नाही, गुणवत्तेची तपासणी सरकारी यंत्रणेकडे ठेवतो. सुट्या भागांच्या दर्जाचे काम मानक ब्यूरोचे आहे. ते तो नीट करत नसेल तर ब्यूरोला जाब विचारावा. ते काम विक्रेत्याकडे सोपवणे हा त्यावरचा उपाय नव्हे.

सगळ्यांत बळकट आक्षेप काळाचा आहे. सांधा लवकर गोठवला तर वाईट रचनाही त्याच्याबरोबर गोठते. विजेच्या दुचाकी आणि तीनचाकींसाठी बॅटरी अदलाबदलीचे धोरण नीती आयोगाने एप्रिल २०२२ मध्ये मसुद्याच्या रूपात मांडले, तेव्हा बॅटरी हाच आमच्या वाहनाचा गाभा आहे, तिचे माप आत्ताच ठरवले तर सुधारणा खुंटेल, असे उत्पादकांकडून सांगितले गेले. त्यांचे म्हणणे पूर्ण खोटे नाही. बॅटरीचे रसायन अजून बदलते आहे. पण इथे आपल्या स्वयंपाकघरातच एक चांगला दाखला आहे. १४.२ किलोचे गॅस सिलिंडर आपण रिकामे देतो आणि भरलेले घेतो. आपले तेच सिलिंडर परत यावे असा हट्ट कोणी धरत नाही, कारण कोणतेही आले तरी रेग्युलेटर त्यावर खटकन बसतो. आतला गॅस कोणत्या शुद्धीकरण कारखान्यातून आला याच्याशी रेग्युलेटरला देणेघेणे नाही. बॅटरीतही रसायन मोकळे ठेवून खोक्याची बाहेरची मापे, जोडणीचे टोक आणि संदेशांची भाषा एवढेच ठरवता येते. हे न ठरवता अदलाबदलीची केंद्रे उभारली की काय होते, ते इस्राएलच्या बेटर प्लेस या कंपनीने दाखवले: देशभर बॅटरी बदलण्याची केंद्रे होती, पण त्यांत बसणारी मोटार एकाच कंपनीची एकच होती. २०१३ मध्ये तिचे दिवाळे निघाले.

गोठवण्याची योग्य वेळ कोणती, याचे उत्तर कंटेनरच्या इतिहासात सापडते. माल्कम मॅक्लीन यांचे पहिले कंटेनरवाहू जहाज २६ एप्रिल १९५६ रोजी ५८ पेट्या घेऊन न्यूअर्कहून ह्यूस्टनला निघाले. पुढची दहाएक वर्षे प्रत्येक कंपनीची पेटी निराळी होती. मॅक्लीन यांच्या सी-लँडची ३५ फुटी, मॅटसनची २४ फुटी. मग आंतरराष्ट्रीय समित्यांनी भांडून-भांडून १०, २०, ३० आणि ४० फूट ही मापे ठरवली, म्हणजे दोन्ही आघाडीच्या कंपन्यांना आपापली मापे सोडावी लागली असती. पेटीच्या कोपऱ्यावरचा पोलादी सांधा, ज्यात क्रेनचा आकडा अडकतो, त्याचे एकस्व (पेटंट) मॅक्लीन यांनी शुल्क न घेता सर्वांना वापरू दिले. न्हावा शेवाचे बंदर १९८९ मध्ये सुरू झाले तेव्हा सिंगापूर किंवा रॉटरडॅममध्ये चढवलेली पेटी इथे उतरवायला कोणाची परवानगी लागली नाही, ती त्या कोपऱ्यामुळे. प्रयोगाला एक तप द्यावे, मग सरकारने आणि उद्योगाने एकत्र बसून रेघ ओढावी, हे मला वाजवी वाटते. आपल्याकडे तो प्रयोगाचा काळ संपत आला आहे आणि कोणीही रेघ ओढायला तयार नाही.

उशीर केल्याचे आपले स्वतःचे उदाहरण कुर्डुवाडीत आहे. एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांची बार्शी लाइट रेल्वे १८९७ मध्ये सुरू झाली, अडीच फुटी रुळांवर. मोठ्या रुळांचा खर्च त्या दुष्काळी मुलखाला परवडला नसता, आणि लहान गाडी आली म्हणूनच बार्शीला, पुढे लातूरला आणि पंढरपूरला रेल्वे मिळाली, हे त्या निर्णयाच्या बाजूने निःसंशय म्हटले पाहिजे. पण मुंबईकडे जाणारा माल कुर्डुवाडीला एका डब्यातून उतरवून दुसऱ्यात चढवावा लागे. मिरजेला तर एकेकाळी ब्रॉड, मीटर आणि नॅरो गेज अशा तिन्ही मापांचे रूळ एकाच आवारात होते. देशभर एकच गेज करण्याचा प्रकल्प १९९२ मध्ये हाती घेतला गेला आणि कुर्डुवाडी-लातूर मार्ग रुंद व्हायला एकविसावे शतक लागले. तात्पुरता सांधा शंभर वर्षे टिकतो. तो तोडण्याचा खर्च दर दशकाला वाढत जातो. आणि त्या सांध्यावर कोणाची तरी चूलही पेटत असते. कंटेनरने गोदीतल्या डोक्यावरच्या ओझ्याचे जे केले, त्याचा विचार ज्या राज्याने १९६९ मध्ये माथाडी कामगारांसाठी कायदा केला त्याला टाळता येणार नाही. चांगला सांधा काही माणसांना निरुपयोगी करतो. याचे उत्तर माझ्याकडे पूर्ण नाही. वाईट सांधा टिकवून रोजगार टिकवावा असे मात्र मला वाटत नाही, कारण त्या रोजगाराची मजुरी माल पिकवणारा भरत असतो.

सांधा खुला केला की मक्तेदारी मोडते, असा भाबडा समजही नको. यूपीआय २०१६ पासून आहे. कोणत्याही बँकेचे खाते कोणत्याही ॲपला जोडता येते, इतका स्वच्छ सांधा जगात थोड्या ठिकाणी आहे. तरी बहुतेक व्यवहार दोनच ॲपमधून होतात, आणि एका ॲपचा वाटा ३० टक्क्यांवर जाऊ नये या मर्यादेची मुदत वारंवार पुढे ढकलली गेली आहे. मग खुलेपणाने मिळवले काय? सोडून जाण्याची सोय मिळवली. उद्या त्या दोघांपैकी एकाने अवाच्या सवा शुल्क लावले तर मी दुपारच्या चहाआधी तिसरे ॲप घेऊ शकतो, खाते तेच राहते. विजेच्या स्कूटरच्या मालकाला आज ही सोय आहे का?

सरकारला कायदा जड वाटत असेल तर त्याच्याकडे दुसरे साधनही आहे, जे बंदुकांच्या काळापासून सिद्ध आहे: खरेदी. एसटी महामंडळ वर्षानुवर्षे कंपनीकडून चासी घेऊन दापोडी, चिकलठाणा आणि हिंगणा इथल्या स्वतःच्या कार्यशाळांत तिच्यावर बसचा सांगाडा चढवत आले. चासी आणि सांगाडा यांच्यामधला तो सांधा महामंडळाच्या हातात होता, म्हणून ते एकाहून अधिक कंपन्यांकडून चासी घेऊ शकले आणि पत्रा फाटला तर आपल्याच माणसाकडून शिवून घेऊ शकले. विजेच्या बस मात्र चालवण्या-देखभालीसकट भाडेकराराने येत आहेत. करार स्वस्त असेल, कदाचित शहाणपणाचाही असेल. पण करार संपेल तेव्हा चार्जरचे टोक कोणाच्या बसला बसते, बॅटरीचे आरोग्य सांगणारी माहिती कोणाकडे राहते, हे प्रश्न निविदेत आज लिहिले नाहीत तर बारा वर्षांनी ते विचारायला जागा उरणार नाही.

आमच्या यंत्राचे पुढे काय झाले ते सांगतो. कंपनीचा माणूस गेल्यावर मोहल्ल्यातल्या एका मिस्त्रीला बोलावले. त्याने टब बाहेर काढला, जिथे तो वितळवून जोडला होता त्या रेषेवरून हॅक्सॉने तासभर गोल कापला, दोन्ही बेअरिंगे आणि ऑइल सील बाजारातून आणून बसवले, कापलेल्या कडेला सिलिकॉन भरले आणि चौफेर भोके पाडून अठ्ठावीस स्क्रू आवळले. सगळे मिळून बावीसशे रुपये लागले. जोरात फिरताना एका कोपऱ्यातून थेंबभर पाणी येते. तिथे स्क्रू थोडा तिरका बसला आहे, हे त्याने स्वतःच कबूल केले आणि पुन्हा येऊन सील करतो म्हणाला. जाण्यापूर्वी त्याने यंत्राच्या मागच्या पत्र्यावर मार्करने ६२०४, ६२०५ असे दोन आकडे लिहून ठेवले.